तीन रंगांत मावणारे मैदान
धाराशिव जिल्ह्यातील खेळ, निसर्ग आणि स्क्रीन प्रिंटिंगचे भित्तिपत्रक

भित्तिपत्रक हा कागदाचा सर्वांत अल्पायुषी अवतार. पुस्तकाला कपाट मिळते, लग्नपत्रिका ट्रंकेत राहते, वर्तमानपत्र निदान रद्दीत तरी जाते. भित्तिपत्रकाच्या वाट्याला खळ, भिंत आणि वळवाचा पहिला पाऊस येतो. म्हणून आपल्या भागातील खेळांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला निकाल, चषक आणि सत्कारांची छायाचित्रे मिळतात. पण स्पर्धेची हाक गावोगाव कोणत्या कागदाने नेली, तो कागद कसा दिसत होता, हे शोधावे लागते.

गेली काही वर्षे मी धाराशिव जिल्ह्यातील जत्रांचे, कुस्त्यांच्या मैदानांचे आणि खो-खो स्पर्धांचे असे कागद जमवतो आहे. मी कलामहाविद्यालयात शिकलेलो नाही. जे कळले ते छापखान्यांत तासन्‌तास उभे राहून आणि मिळतील ती पुस्तके वाचून. त्या आधारावर या लेखात दोन गोष्टी मांडायच्या आहेत : स्क्रीन प्रिंटिंगने खेळाचे किंवा निसर्गाचे भित्तिपत्रक घडते कसे, आणि हे हाताने चालणारे तंत्र आपल्या जिल्ह्याला आजही उपयोगाचे का आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, या तंत्राला थोडेच रंग आणि थोडाच तपशील झेपतो, आणि हाच त्याचा मोठा गुण आहे. काय ठेवायचे व काय गाळायचे, हे ते आपल्याला ठरवायला लावते. ते ठरवायचे तर आधी मैदान आणि डोंगर नीट पाहावे लागतात.

नावांच्या यादीचा कागद

कुस्तीच्या जुन्या हस्तपत्रकाची रचना बहुतेक वाचकांच्या डोळ्यांसमोर असेल. वर देवाचे नाव, खाली गाव आणि तिथी, मग ठसठशीत अक्षरांत ‘जंगी कुस्त्यांचे मैदान’, त्याखाली जोड्या आणि इनामाच्या रकमा. हा कागद ट्रेडल मशिनवर, खिळे जुळवून छापला जाई. पैलवानाचे चित्र हवे असेल तर जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागे. पुढे तालुक्याच्या गावांतही स्क्रीन प्रिंटिंगची दुकाने झाली. त्यांचा मुख्य धंदा लग्नपत्रिकांचा. हंगाम सरला की जत्रा, गणेशोत्सव, शाळांची स्नेहसंमेलने आणि खेळाडूंचे बनियन. अलीकडे हे सगळे काम फ्लेक्सकडे गेले.

फ्लेक्सला दोष देणे सोपे आहे, पण तो स्वस्त आहे, एका तासात मिळतो आणि पावसात टिकतो, हे मान्य केले पाहिजे. त्याची अडचण वेगळी आहे. त्यावर कितीही माणसे, कितीही रंग मावतात, त्यामुळे कशालाच नाही म्हणावे लागत नाही. परिणामी कुस्तीच्या फ्लेक्सवर पन्नास चेहरे बसतात आणि डाव एकही दिसत नाही. तांबडी माती नाही, हौद नाही, लंगोटाची गाठ नाही. गावाचे नाव बदलले तर तोच फलक कोणत्याही जिल्ह्यात चालेल.

जाळी काय करते?

स्क्रीन प्रिंटिंगचे मूळ साच्याच्या छपाईत आहे. जाड कागदात आकार कापायचा आणि त्यावरून रंग फिरवायचा, ही युक्ती जगभर जुनी आहे. आपल्याकडचे रांगोळीचे छापे त्याच जातीचे. या साच्याची एक मोठी अडचण असते. ‘व’ किंवा ‘ब’ कापला की त्याच्या पोटातला तुकडा सुटून पडतो. तो धरून ठेवायला मध्ये पूल सोडावे लागतात. जपानी कारागिरांनी हे तुकडे रेशमाच्या बारीक धाग्यांनी साच्याला जोडले. पुढे 1907 मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी चौकटीवर ताणलेल्या रेशमी जाळीतून छापण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. जाळीवर साचा चिकटवला की सुटे तुकडे आपोआप जागेवर राहतात आणि रंग मधल्या छिद्रांतून उतरतो.

आज रेशमाऐवजी पॉलिस्टरची जाळी असते. कापडावरच्या ठळक छपाईला सेंटिमीटरला साधारण 43 ते 54 धाग्यांची जाळी घेतात, कागदावरच्या बारीक कामाला 77 ते 120 धाग्यांची. जाळी चौकटीवर ढोलाच्या पानासारखी ताठ बसवतात. तिच्यावर प्रकाशाने घट्ट होणारे इमल्शन लावून ते अंधारात वाळवतात. छापायचा आकार पारदर्शक फिल्मवर गडद काळ्या रंगात काढलेला असतो. त्याला पॉझिटिव्ह म्हणतात. ही फिल्म जाळीला लावून प्रखर दिवा दाखवला की प्रकाश पडलेले इमल्शन घट्ट होते आणि काळ्या आकाराखालचे कच्चे राहते. पाण्याने धुतल्यावर कच्चा भाग निघून जातो, तिथे जाळी मोकळी होते. मग कागदापासून जाळी दोन ते चार मिलिमीटर वर ठेवायची, एका कडेला रंग ओतायचा आणि स्क्वीजीने, म्हणजे रबरी पात्याने, तो ओढायचा. पाते जिथे टेकते तेवढ्याच रेषेत जाळी कागदाला शिवते आणि लगेच सुटते. म्हणून छापाची कड स्वच्छ येते.

प्रत्येक रंगाला स्वतंत्र पॉझिटिव्ह, स्वतंत्र जाळी आणि स्वतंत्र हात लागतो. तीन रंगांची दोनशे भित्तिपत्रके म्हणजे सहाशे वेळा स्क्वीजी ओढणे. चौथा रंग घेतला की आणखी दोनशे. हा हिशेब डोक्यात असला की माणूस रंग जपून वापरतो.

दोन परदेशी धडे

या काटकसरीतून मोठे काम होते, याचा उत्तम दाखला अमेरिकेत आहे. महामंदीच्या काळात बेकार कलावंतांना काम देण्यासाठी 1935 मध्ये तिथल्या सरकारने योजना सुरू केली. न्यूयॉर्कमध्ये अँथनी व्हेलोनिस यांनी भित्तिपत्रकांसाठी स्क्रीन प्रिंटिंग रूढ केले आणि काम झपाट्याने वाढले. साधारण 35,000 रचनांच्या मिळून 20 लाख प्रती छापल्या गेल्या, असा अंदाज सांगितला जातो. याच योजनेत 1938 ते 1941 या काळात राष्ट्रीय उद्यानांची 14 भित्तिपत्रके झाली. डोंगर, गरम पाण्याचे फवारे, सुळके हे सारे सपाट रंगांच्या थरांत, एकही बारीक छटा न वापरता दाखवलेले. आज त्या 20 लाखांपैकी सुमारे दोन हजार प्रतीच माहीत आहेत. उद्यानांच्या मालिकेतील एक प्रत 1970 च्या दशकात ग्रँड टेटन उद्यानातील एका वनरक्षकाला कोठारात सापडली. पुढे तिच्या आणि जुन्या कृष्णधवल निगेटिव्हच्या आधारे त्याने ही मालिका पुन्हा उभी केली. सरकारी पैशाने झालेल्या, मोठ्या देशातल्या कामाची ही गत, तर आपल्या जत्रेच्या कागदाची काय असणार, याची कल्पना करता येईल.

दुसरा धडा 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकचा. ओट्ल आयशर यांच्या गटाने प्रत्येक खेळाचे भित्तिपत्रक केले. ती छपाई ऑफसेटची होती, पण विचार जाळीला जवळचा. खेळाडूचे छायाचित्र घेऊन त्यातील छटा मोजक्या सपाट रंगांत तोडायच्या. चेहरा ओळखू आला नाही तरी चालेल, शरीराची झेप ओळखू आली पाहिजे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या आठवणी दूर ठेवण्यासाठी या रंगसंगतीतून लाल रंग मुद्दाम टाळला होता. एखादा रंग घेणे किंवा सोडणे यालाही अर्थ असतो, हे यातून कळते.

खो-खोचे चित्र

आता आपल्या मैदानाकडे येऊ. धाराशिव जिल्ह्याची आज देशाला जी ओळख आहे, तीत खो-खोचा वाटा मोठा आहे. 2016 मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळवले तेव्हा कर्णधार होती इथली सारिका काळे. तिला 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. इतके असूनही शालेय स्पर्धेच्या फलकावर खो-खो बहुतेक वेळा इंटरनेटवरून उतरवलेल्या, कोणत्याही शर्यतीला चालेल अशा धावत्या आकृतीने दाखवला जातो.

खरे तर खो-खोइतका जाळीला सोयीचा खेळ दुसरा सापडणे कठीण. दोन खांब, त्यांना जोडणारी मधली पाटी, तिच्यावर आठ चौरसांत बसलेले आठ गडी आणि एकाआड एक उलट दिशेला असलेली त्यांची तोंडे. म्हणजे एकच बसलेली आकृती नीट काढली की काम झाले. फिल्म उलटी केली की तिची आरशातली जोडी मिळते. चार अशा, चार तशा. ती बसण्याची ढब मात्र खरी हवी. खो मिळताच उठता यावे म्हणून पुढचा पाय दाबलेला, हाताची बोटे जमिनीला टेकलेली, मान किंचित वळलेली. हे टिपायला दोन-चार सराव सामने कागद-पेन्सिल घेऊन पाहावे लागतात. छायाचित्र मदतीला असावे, पण बाह्यरेषा हातानेच काढावी. बारीक घड्या आणि सावल्या गाळण्याचे काम तेव्हाच होते.

खेळाचा गाभा त्याच्या नियमात आहे. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे फिरता येत नाही आणि मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला मात्र बसलेल्या गड्यांमधून कुठूनही, कसेही जाता येते. एकाची वाट सरळ, दुसऱ्याची नागमोडी. हा फरक चित्रात आणायचा तर पळणारी मुलगी काढण्याचीही गरज नाही. मी सुचवतो ती रचना अशी : पहिल्या जाळीने मैदानाचा तांबूस मुरमाड रंग, त्यात नागमोडी वाट कोरी सोडलेली. दुसऱ्या जाळीने गडद निळ्यात आठ गडी आणि दोन खांब. तिसऱ्या जाळीने हळदी पिवळ्यात सूर मारलेली एकच आकृती, सरळ तिरक्या रेषेत, बोटे त्या पांढऱ्या वाटेच्या टोकाशी जेमतेम पोहोचलेली. खेळ माहीत असलेल्याला पळणारी दिसेलच. ज्याला माहीत नाही, तो विचारील.

एक प्रश्न मातीचा. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात आणि मॅटचे रंग भडक असतात. भित्तिपत्रकात माती दाखवायची की मॅट, हे डोळसपणे ठरवावे. शाळेच्या मैदानावर सराव करणाऱ्या मुलीला आपले गुडघे ज्या रंगाने माखतात तो रंग कागदावर दिसला, तर तो कागद तिचा होतो.

न छापलेले पाणी

निसर्गाच्या भित्तिपत्रकात नवशिक्याला सर्वांत कठीण जाते पाणी. त्याला वाटते, पाणी म्हणजे निळा रंग. नळदुर्गच्या किल्ल्यात पावसाळ्यात उभे राहिले की हा समज जातो. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात बोरी नदीवर बांधलेल्या धरणाच्या भिंतीवरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात, आणि भिंतीच्या पोटात पाणी महाल आहे. त्या वेळी पाणी दिसते ते पांढरे. निळसर-करडे असते ते आकाश, काळा असतो तो ओला बेसाल्ट. म्हणून नळदुर्गला दोनच रंग पुरतात : ढगाचा करडा आणि दगडाचा काळा. दोन्ही धबधबे म्हणजे कोरा कागद. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये कागदाचा पांढरा हा फुकट मिळालेला रंग आहे आणि तो सर्वांत उजळ असतो.

येडशीजवळच्या रामलिंग घाटाचे अभयारण्य वेगळा धडा देते. बालाघाटच्या या रांगेत पानगळीचे रान आहे. चैत्र-वैशाखात ते वाळके, पिवळट. आषाढ-श्रावणात हिरवेगार, आणि रामलिंगाजवळचा धबधबा सुरू झालेला. डोंगराची रेघ तीच, दरी तीच, देवळाचे शिखर तेच. मग जाळ्याही त्याच ठेवायच्या. निम्म्या प्रती उन्हाळ्याच्या रंगांत छापायच्या : वाळल्या गवताचा पिवळा, मुरमाचा तांबडा, गडद तपकिरी. जाळी धुऊन उरलेल्या प्रती पावसाळ्याच्या रंगांत : पोपटी, गर्द हिरवा, ढगाचा करडा. शेजारी शेजारी लावलेले हे दोन कागद आपल्या दुष्काळी मुलखाचा वर्षभराचा हिशेब सांगतात. हा प्रयोग शाळेतल्या मुलांकडूनही करून घेता येतो.

पारदर्शक रंग वापरल्यास आणखी एक बचत होते. हळदीच्या पिवळ्यावर निळा पडला की हिरवा मिळतो, कुंकवाचा लाल पडला की केशरी. दोन जाळ्यांत तीन रंग.

अक्षरांचे शिस्तपालन

चित्र साधले तरी अक्षरांत घात होतो. देवनागरीतील रफार, अनुस्वार आणि ‘क्ष’, ‘ष्ट’ यांसारख्या जोडाक्षरांच्या बारीक पोकळ्या रंगाने भरून जातात. म्हणून अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ किंवा फट ठेवू नये. गडद पार्श्वभूमीत कोरी अक्षरे सोडायची असतील तर ती थोडी जाड काढावीत, कारण रंग कडेने आत सरकतो.

शक्यतो मुख्य शब्द हाताने काढावा. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या नावांना अक्षरांतूनच चेहरा दिला. खेळाच्या नावांना तसा चेहरा देणे बाकी आहे. ‘खो-खो’ हा शब्दच पाहा. दोन्ही काने खांबांसारखे उभे करता येतात आणि शिरोरेषा सलग ओढली की मधली पाटी तयार होते. बाकी मजकूर तीन ओळींत संपवावा : काय, कुठे, केव्हा. मान्यवरांची यादी वेगळ्या पत्रकावर द्यावी. भित्तिपत्रकावरून नाव वगळणे गावात सोपे नसते, हे मी जाणतो. पण दोन कागद केले की दोन्ही बाजू राखता येतात.

छापताना

डबल क्राउन, म्हणजे 20 × 30 इंचांचा कागद भिंतीला पुरेसा मोठा आणि हाताला आवरेल असा असतो. रंगावर रंग नेमका बसण्यासाठी टेबलावर पुठ्ठ्याचे तीन तुकडे चिकटवतात, लांब बाजूला दोन आणि आखूड बाजूला एक. प्रत्येक कागद दर वेळी याच तिन्ही ठिकाणी टेकवायचा. तरीही केसभर सरक होतेच. म्हणून फिकट रंगाचा आकार गडद रंगाखाली अर्धा ते एक मिलिमीटर आत शिरेल असा काढतात. छपाईचा क्रम बहुधा फिकटाकडून गडदाकडे.

दोन गोष्टी काळजीच्या. जुन्या पद्धतीत घरीच इमल्शन कालवताना त्यात बायक्रोमेट घालतात. हे क्रोमियमचे घातक रूप आहे. त्याने कातडीला जखमा होतात आणि त्यापासून कर्करोगाचा धोका असतो. मुलांच्या शिबिरात ते वापरूच नये. बाजारात बायक्रोमेटशिवायचे तयार इमल्शन आणि पाण्यात विरघळणारे रंग मिळतात. हातमोजे तरीही घालावेत. दुसरे, जाळी धुवायला पाणी लागते आणि आपल्याकडे ते मोजून वापरावे लागते. आधी रंग पत्र्याने खरवडून डब्यात परत घ्यावा, मग चिंधीने पुसावे, शेवटी धुवावे. ते पाणी विहिरीच्या किंवा ओढ्याच्या बाजूला जाऊ देऊ नये.

एक प्रत मागे ठेवावी

काम संपले की छापणारा रसायन लावून इमल्शन काढून टाकतो आणि जाळी पुन्हा कोरी करतो. धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरच. चौकट आणि जाळी महाग असते. परंतु त्यामुळे लाकडी ठशासारखे किंवा धातूच्या ब्लॉकसारखे मागे काही उरत नाही. कालच्या जत्रेच्या जाळीवर आज एखाद्याची लग्नपत्रिका असते. राहिला तर फक्त कागद राहतो, आणि कागद आपण भिंतीला लावून मोकळे होतो.

या कागदांना पुरावा म्हणून मोल आहे. 2023 मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. त्याआधीच्या पत्रकांवर उस्मानाबाद आहे, काहींवर दोन्ही नावे आहेत. कोणत्या गावात कोणत्या जोड्या लागत, इनामे किती होती, मुलींच्या स्पर्धा पत्रकांवर कधी दिसू लागल्या, कोणते तालीम संघ होते आणि विरून गेले, हे सारे तिथे तारखेनिशी लिहिलेले असते. गावाच्या इतिहासाला याहून थेट साधन क्वचितच मिळते.

म्हणून शाळा, क्रीडा मंडळे आणि जत्रा समित्यांना माझी विनंती आहे. वर्षातून एका तरी स्पर्धेचे भित्तिपत्रक आपल्या मैदानाकडे पाहून काढावे आणि गावातल्याच स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडून छापून घ्यावे. पहिल्या चांगल्या पाच प्रती भिंतीवर जाण्याआधी बाजूला काढाव्यात. पाठीमागे पेन्सिलीने तारीख, गाव, चित्र काढणाऱ्याचे व छापणाऱ्याचे नाव आणि वापरलेले रंग लिहावेत. प्रती घडी न घालता, दोन पुठ्ठ्यांमध्ये, कोरड्या जागी आडव्या ठेवाव्यात. सोबत पॉझिटिव्हची फिल्म ठेवावी. एक प्रत शाळेत, एक गावच्या वाचनालयात, एक छापणाऱ्याकडे, एक चित्र काढणाऱ्याकडे. पाचवी त्या वर्षीच्या संघाच्या कर्णधाराला द्यावी. ती नक्की जपली जाईल.